कपाट भिंतीला बांधा, पण भिंत कशाची आहे ते आधी पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना संपत आला की लातूरमधल्या वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत एकच धांदल उडते. जूनच्या बॅचची मुलं यायच्या आत एका हॉलच्या सहा-आठ खोल्या पाडायच्या असतात. जिप्सम बोर्डाची पार्टिशनं उभी राहतात, पुट्टी-रंग होतो आणि प्रत्येक खोलीत एक लोखंडी कपाट नाहीतर पुस्तकांचं उंच रॅक भिंतीला टेकवून ठेवलं जातं. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडमध्येही दवाखाने, ऑफिसं, दुकानं, आणि आता फ्लॅटमधल्या खोल्यासुद्धा याच भिंतींनी विभागल्या जातात. ही पार्टिशनं आणि त्यांना लागून येणारं फर्निचर बसवणं हेच आमचं काम असल्यामुळे हे पत्र लिहीत आहोत. भिंत चार दिवसांत उभी राहिली याचं कौतुक होतं. तिला जड सामान बांधायचं कसं, हे मात्र मालकाला कोणी सांगत नाही. "टेकवून ठेवलंय, जातंय कुठं?" एवढ्यावर विषय संपतो.

टेकवलेलं रॅक कुठे जातं, याचा साधा हिशोब मांडतो. 7 फूट उंच, 1 फूट खोल, पुस्तकांसह 100 किलोचं रॅक घ्या. त्याच्या वजनाचा मध्य पुढच्या पायांपासून जेमतेम अर्धा फूट मागे असतो. म्हणजे वरच्या कडेला 7 किलोची ओढ बसली की मागचे पाय जमिनीवरून सुटतात. आता तेच रॅक अर्धं रिकामं, 60 किलोचं समजा. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला 60 किलोचा मुलगा खालच्या फळीवर पाय देऊन चढला आणि त्याचं वजन रॅकच्या पुढे 8 इंच आलं, तर रॅक त्याच्याच अंगावर येतं. भरलेल्या रॅकपेक्षा अर्धं रिकामं रॅक जास्त धोक्याचं, आणि नेमकं सत्राच्या सुरुवातीला सगळी रॅकं अर्धी रिकामीच असतात. घरातल्या ड्रॉवरच्या कपाटाचंही तेच. लहान मूल खालचे ड्रॉवर उघडून त्यांची पायरी करतं. ड्रॉवर पुढे आले की कपाटाचं स्वतःचंच अर्धं वजन पुढे आलेलं असतं, त्यात मुलाची भर पडते.

याच हिशोबाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. वरच्या उदाहरणात रॅक कोसळू न देण्यासाठी वरच्या कडेला भिंतीने धरून ठेवायचा जोर दीड किलोच्या आसपास निघतो. धक्का, झटका धरून तो दहापट घेतला तरी 15 किलो. म्हणजे उभ्या कपाटाला बांधणं अवघड नाही, फक्त ते वरून बांधायला हवं. तेच कपाट कमरेच्या उंचीवर बांधलं तर जोर दुप्पट-तिप्पट पडतो आणि वरचा भाग मोकळा हलत राहतो.

पण हा 15 किलोचा झटकासुद्धा जिप्सम बोर्डात ठोकलेली प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालतात ती नळी, धरत नाही. बोर्ड साधारण 12.5 एमएम जाडीचा असतो. आत जिप्समचा गाभा आणि दोन्ही बाजूंनी जाड कागद. त्याची खरी ताकद त्या कागदात असते, गाभा नखाने कोरला तरी निघतो. विटेच्या भिंतीत गिट्टी फुगते आणि चारी बाजूंनी वीट तिला दाबून धरते. बोर्डात दाबायला आहेच काय? 12 एमएम खडूसारखा थर, आणि त्याच्यामागे पोकळी. स्क्रू पिळताना सुरुवातीला घट्ट वाटतो, कारण गिट्टी गाभा चिरडत असते. मग दार उघड-बंद होईल तसा तो चुरा भोकातून पुट्टीवर पांढरी रेघ बनून गळायला लागतो. ती रेघ दिसली की समजा, गिट्टीने भिंत सोडली आहे. तेच भोक मोठं करून त्यात काडी, एम-सील किंवा व्हाइट सिमेंट भरून पुन्हा स्क्रू मारणं हा उपाय नाही. नव्या जागी, नव्या पद्धतीने बांधावं लागतं.

म्हणून पहिलं काम भिंत ओळखण्याचं. बोटाने टकटक करून अंदाज येतो, पण खात्रीचा मार्ग भोकातून येणाऱ्या भुकटीचा. कपाटाआड झाकलं जाईल अशा जागी 3 एमएमचं भोक पाडा. आधी प्लास्टरची करडी भुकटी आणि मग लाल आली तर वीट. करडीच राहिली आणि ड्रिल पुढे जायला नकार देऊ लागलं तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. फिकट राखाडी, पिठासारखी मऊ भुकटी आली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर एएसी ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. पांढरी भुकटी येऊन अर्ध्या इंचावर ड्रिल एकदम आत पडलं तर जिप्सम बोर्ड. भोक पाडण्याआधी त्या खोलीचा एमसीबी खाली करा. पक्क्या भिंतीत स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली वायरचा पाइप असतोच. पार्टिशनमध्ये तो बोर्डामागच्या लोखंडी चॅनेलच्या छिद्रांतून आडवाही नेलेला असतो, त्यामुळे स्विचबोर्डाच्या उंचीवर आडव्या रेषेतही भोक टाळावं.

जिप्समच्या भिंतीत आधार असतो तो बोर्डामागच्या उभ्या लोखंडी चॅनेलचा. चॅनेल बहुतेक 2 फुटांवर, काही ठिकाणी 16 इंचांवर एक असे उभे असतात. ते शोधायला महागडं यंत्र लागत नाही. एखादं लहान, जोरदार लोहचुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरून हळूहळू फिरवा. पुट्टीखाली दडलेल्या स्क्रूच्या डोक्याशी ते चिकटतं. तिथे पेन्सिलने खूण करा आणि सरळ वर-खाली जा. साधारण फूटभर अंतराने पुढचे स्क्रू सापडले म्हणजे ती चॅनेलची ओळ. एकमेकींना लागून दोन ओळी सापडल्या तर तिथे दोन बोर्डांचा जोड आहे. बोर्डाच्या कडा ठिसूळ असतात, म्हणून शक्यतो जोड सोडून शेजारचा चॅनेल घ्या. खात्रीसाठी 2 एमएमच्या बिटने भोक पाडा. पांढऱ्या भुकटीनंतर बिट अडून चकचकीत कीस आला तर चॅनेल मिळाला.

मात्र चॅनेल मिळाला म्हणून नुसता स्क्रू मारून भागत नाही, कारण या चॅनेलचा पत्रा अर्धा एमएमच्या आसपास असतो. त्यात स्क्रूचा जेमतेम एक आटा धरतो. त्यातही हाताशी असतो म्हणून बोर्ड बसवायचा काळा ड्रायवॉल स्क्रूच सर्रास वापरला जातो. हा स्क्रू कडक पण ठिसूळ असतो. वजन आलं की तो वाकून इशारा देत नाही, तडकन तुटतो. काळा स्क्रू बोर्ड बसवण्यापुरताच ठेवावा. जड कामाला 6 एमएमचा टॉगल बोल्ट घ्यावा, म्हणजे भिंतीमागे गेल्यावर पंख उघडणारा बोल्ट. काही दुकानांत त्याला बटरफ्लाय म्हणतात. चॅनेलच्या मधोमध, पाकिटावर लिहिलेल्या मापाचं भोक बोर्ड आणि पत्रा दोन्हींतून आरपार पाडायचं, पंख मिटून टॉगल आत सारायचा आणि आत तो उघडल्याची खात्री करूनच बोल्ट आवळायचा. आवळताना बोर्डाचा कागद दबू लागला की थांबा. जास्त पिळलं की गाभा चिरडतो. पाकिटावर लिहिलेलं वजन बोल्ट निसटण्याच्या वेळचं असेल, तर आपण त्याच्या चौथ्या हिश्श्यापुढे जाऊ नये.

कपाटाच्या जागी नेमका चॅनेल येईलच असं नाही. तेव्हा भिंतीवर आडवी पट्टी घ्या. 18 एमएम प्लायची, 4 इंच रुंद आणि साडेचार फूट लांब, म्हणजे 2 फुटांवरचे तीन चॅनेल तिला सापडतात. प्रत्येक चॅनेलवर एकाखाली एक असे दोन, एकूण सहा टॉगल. ही पट्टी कपाटाच्या वरच्या कडेपासून 2-3 इंच खाली येईल अशी बसवली की कपाटामागे झाकून जाते. मग कपाट पट्टीला एल क्लँपने, म्हणजे काटकोनात वाकवलेल्या लोखंडी पट्टीने, 8 नंबरच्या 19 एमएम स्क्रूंनी बांधायचं. पट्टीमुळे ओढ एका भोकावर न येता तीन चॅनेलवर वाटली जाते.

नवं पार्टिशन उभं राहत असेल तर मात्र याहून कितीतरी सोपं आणि पक्कं काम होतं, आणि आमचा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीसाठी आहे. एका बाजूचा बोर्ड मारून झाला आणि दुसरी बाजू अजून उघडी आहे, त्या वेळी चॅनेलच्या मध्ये 18 एमएम वॉटरप्रूफ प्लायची फूटभर रुंद पट्टी बसवून घ्या. उंच कपाटासाठी तिचा मध्य जमिनीपासून साडेसहा फुटांवर, टीव्हीसाठी साधारण 4 फुटांवर, किचनच्या टांगत्या कपाटासाठी कपाटाच्या वरच्या आणि खालच्या कडेला अशा दोन पट्ट्या. पट्टी चॅनेलच्या आत नीट बसावी, तिची पुढची बाजू चॅनेलशी समपातळीत यावी, नाहीतर वरचा बोर्ड फुगतो. वाळवीचं औषध तिथेच मारा. वरून बोर्ड बंद करायच्या आधी टेप धरून फोटो काढा आणि तो मालकाला द्या. 8 फुटांच्या भिंतीला प्लायचा खर्च हजार-बाराशेच्या घरात जातो. बोर्ड एकदा बंद झाला, रंग झाला, की तेच काम भिंत फोडल्याशिवाय होत नाही. मालकांनी कोटेशन मागतानाच "कपाटांच्या जागी आत प्लाय" ही ओळ लिहून घ्यावी.

उभं कपाट आणि टांगतं कपाट यांत गल्लत करू नका. उभ्या कपाटाचं वजन जमीन पेलते, भिंत फक्त तोल धरते. टांगत्या कपाटाचं सगळं वजन भिंतीवर, तेही रात्रंदिवस. 2 फूट उंच कपाटाचं डब्यांसह वजन 60 किलो असेल आणि कपाटाची खोली 1 फूट असेल, तर खाली 60 किलो आणि शिवाय वरच्या स्क्रूंवर बाहेरच्या बाजूला सुमारे 16 किलो ओढ येते. कपाटाची खोली 2 फूट केली की बाहेरची ओढ दुप्पट होते, 33 किलोंच्या आसपास जाते. आत प्लाय नसलेल्या बोर्डावर किचनचं कपाट टांगूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे, मग टॉगल कितीही भारी असो.

एक गोष्ट वरून दिसत नाही, पण तपासायलाच हवी. वसतिगृहांतली बरीच पार्टिशनं स्लॅबपर्यंत जातच नाहीत, फॉल्स सीलिंगला किंवा 8 फुटांवर संपतात. अशा भिंतीला वर आधारच नसतो. भिंतीच्या मधोमध तळहाताने ढकलून पाहा. ती डुलत असेल तर तिला कपाट बांधणं म्हणजे कपाटाबरोबर भिंतही पाडणं. अशा खोलीत कपाट पक्क्या बाजूच्या भिंतीकडे हलवा. ते जमत नसेल तर पार्टिशनच्या वरच्या चॅनेलमधून स्लॅबपर्यंत आधार घेऊन भिंत आधी पक्की करा.

विटेच्या भिंतीत काम सरळ आहे, चूक होते ती स्क्रूच्या लांबीत. प्लास्टरच 15-20 एमएम खाऊन टाकतं. म्हणून 8 एमएमची नायलॉनची गिट्टी आणि निदान 75 एमएमचा स्क्रू हवा, आणि भोक विटेत हवं, विटांच्या सांध्यात नको. सिपोरेक्समध्ये ड्रिलचा हॅमर बंद करा. ठोक्यांनी भोक मोठं आणि वेडंवाकडं होतं. लोखंडी फास्नर तर बिलकूल नको, तो आत फुगला की ब्लॉकला चीर जाते. या ब्लॉकसाठी पिळाच्या लांब नायलॉन गिट्ट्या वेगळ्या मिळतात, त्याच घ्या.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात दगड-मातीच्या भिंतीला काहीही बांधू नका. फुगणारी कोणतीही वस्तू दगड आणि माती वेगळी करते. तिथे छत पेलणारे सागवानी खांब असतात. आधी बारीक भोक पाडून खांबात 75 एमएमचा लाकडाचा स्क्रू मारा आणि कपाट पट्ट्याने खांबाला बांधा.

आता कपाटाची बाजू. लोखंडी कपाटाचा पत्रा पातळ, त्यात नुसता स्क्रू पिळला तर पत्रा फाटून स्क्रू निघतो. वरच्या बाजूला, मागच्या कडेपासून 2 इंचांवर आरपार भोक पाडून 6 एमएमचा नट-बोल्ट आणि आतून रुंद वॉशर लावा. एल क्लँप 3 एमएम जाडीचा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकेक. तयार पॅकिंगमधून येणाऱ्या लाकडी फर्निचरची पाठ 3 एमएमची असते, तिच्यात स्क्रू मारू नये. 18 एमएमच्या वरच्या फळीत किंवा बाजूत मारावा. स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीपासून अर्धा इंच पुढे उभं राहतं. क्लँप वाकवून ते अंतर ओढून घेऊ नका, तेवढ्या जाडीचा प्लायचा तुकडा मध्ये भरा.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली काळी जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तळमजल्याची फरशी कुठे ना कुठे खचते. पुढचे पाय खचले की कपाट हळूहळू पुढे झुकतं आणि सगळा ताण क्लँपवर येतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, कपाटाच्या बाजूला ओळंबा धरून पाहा आणि पुढच्या पायांखाली पाचर देऊन कपाट किंचित मागे कललेलं ठेवा. दुसरी गोष्ट कूलर. एप्रिल-मेमध्ये कूलरचे तुषार आणि टाकीची गळती बोर्डाच्या खालच्या भागाला लागते. भिजलेल्या जिप्समची ताकद उतरते, कागद सुटतो. हिरवट रंगाचा बोर्ड ओल जास्त सोसतो, पण तोही रोजच्या पाण्यासाठी नाही. जिथे बोर्ड दाबल्यावर मऊ लागतो किंवा पुट्टीला फुगे आलेत, तिथला तुकडा कापून बदलल्याशिवाय कपाट बांधू नये.

भूकंपाचा विषय काढला की लोक म्हणतात, तो किल्लारीचा काळ गेला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत हा भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, हे विसरून चालणार नाही. 21 मार्च 2024 ला सकाळी हिंगोली, नांदेड, परभणीने धक्के अनुभवले, त्याच वर्षी जुलैत पुन्हा. किल्लारीत माणसं गेली ती दगड-मातीच्या भिंती आणि माळवदांखाली. आजच्या भिंती हलक्या आहेत, पण झोपलेल्या मुलाच्या उशाशी उभं असलेलं 100 किलोचं रॅक हलकं नाही. भूकंपाचा जोर वरच्या कडेला नाही, रॅकच्या वजनाच्या मध्यावर लागतो; तरी 1 फूट खोल, 7 फूट उंच रॅकला त्याच्या वजनाच्या एक-सप्तमांश आडवा जोर पुरतो. म्हणून बांधलेलं असो वा नसो, पलंगाची जागा रॅकच्या पडण्याच्या टप्प्याबाहेर ठेवावी आणि जड पुस्तकं खालच्या दोन फळ्यांवर.

वसतिगृह आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांना आमची विनंती आहे की मुलं यायच्या आधी प्रत्येक कपाटाची चाचणी घ्या. रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा पुरे. कपाटाच्या वरच्या कडेला दोरी बांधून काटा अडकवा, पडण्याच्या दिशेत न थांबता, बाजूला उभं राहून 20 किलोपर्यंत सावकाश ओढा आणि मिनिटभर धरा. एकाने क्लँपकडे पाहत राहावं. क्लँपपाशी पुट्टीला केसाएवढी चीर गेली, बोर्ड फुगला किंवा भोकातून पांढरी भुकटी पडली, तर ते कपाट रिकामं करून खोलीबाहेर काढा. चाचणीत टिकलेल्या कपाटाच्या दाराआड तारीख लिहा आणि दिवाळीच्या सुट्टीत खोल्या रिकाम्या असताना तीच चाचणी पुन्हा घ्या.

आपले,
पार्टिशन व फर्निचर बसवणारे कारागीर, लातूर